झोंबिवली: भूत नाही, पाणी आहे

(एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं… म्हणजे…' बरेचसे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. शेवट फोडलेला नाही, बिनधास्त वाचा.)

गेल्या वेळी विचारलं होतं की मराठीत सायन्स फिक्शन कॉमेडी आहे का, आणि असेल तर कुठली. उत्तरं आली त्यात अर्ध्या लोकांनी 'झपाटलेला' म्हटलं, काहींनी 'धडाकेबाज', आणि एकीनं व्हॉइस नोट पाठवली, "अरे 'झोंबिवली' विसरलात का सगळे? पण तो हॉरर आहे ना?"

तर आज तोच. आणि माझं म्हणणं असं की तो हॉरर नाहीये. पोस्टरवर रक्त आहे, लोक एकमेकांना चावतायत, पण आतला सांगाडा सायन्स फिक्शनचा आहे. मराठी कॉमेडीत ही कल्पना इतकी नवी होती की सिनेमा स्वतःच तिला पूर्ण पेलू शकला नाही. कल्पनेला दहापैकी नऊ देईन, सिनेमाला साडेसहा. मधले अडीच मार्क कुठे गेले, ते आज शोधू.

आधी पटकन माहिती. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. आपल्या पुण्यातला माणूस, सिनेमावाल्या घराण्याची चौथी पिढी. पणजोबा नानासाहेब सरपोतदार मूकपटांच्या काळात सिनेमे काढायचे, आणि लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस त्यांनीच सुरू केलेलं. तुम्ही तिथं थालीपीठ खाल्लं असेल तर एका सिनेमाच्या इतिहासात बसून खाल्लंय. आदित्यनं त्याआधी 'नारबाची वाडी', 'क्लासमेट्स', 'फास्टर फेणे' केले होते. 'झोंबिवली'त अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी. खरंतर एप्रिल २०२१ मध्ये यायचा होता, पण तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. शेवटी २६ जानेवारी २०२२ ला आला, थिएटरं निम्मी भरायची परवानगी असताना. संसर्गाचा सिनेमा, आणि बघणारे सगळे मास्क लावून, एक खुर्ची सोडून बसलेले. पॉपकॉर्न खायला मास्क खाली केला आणि शेजारी कुणी खोकलं, की पडद्यापेक्षा तिकडेच लक्ष जाणार!

गोष्ट एवढीच सांगतो. सुधीर नावाचा इंजिनियर, मध्यमवर्गीय, नाकासमोर चालणारा. बायको गरोदर. दोघं डोंबिवलीत नव्याकोऱ्या टॉवरमध्ये राहायला येतात. भिंतीपलीकडे वस्ती आहे, जनता नगर. टॉवरला पाणी आहे, वस्तीला नाही. वस्तीत विश्वास नावाचा तरुण या पाण्यासाठी भांडतोय. आणि मग माणसं चावायला लागतात. या सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे, याच्यापुढे मी काही सांगणार नाही.

आता 'हॉरर नाही' असं का म्हणतो ते बघा.

मराठी कॉमेडीत भुतांची काही कमतरता नाही. १९८९ चा 'भुताचा भाऊ', १९९३ चा 'झपाटलेला', २००४ चा 'पछाडलेला'. आपली भुतं गप्पिष्ट असतात. त्यांना काहीतरी हवं असतं, सूड हवा असतो, शरीर हवं असतं, अन्यायाची दाद हवी असते. भुताला हेतू असतो, त्यामुळे त्याच्यावर उपाय म्हणजे त्याची इच्छा पुरी करणं नाहीतर मांत्रिक बोलावणं. आपण कधी विचारत नाही की भूत झालं कशानं. मेला, इच्छा राहिली, झालं भूत. संपलं.

झोंबीला हेतू नसतो. त्याला तुमच्याकडून काही हवं नाहीये. त्याच्याशी बोलता येत नाही, नारळ फोडून चालत नाही. त्यामुळे एकच प्रश्न उरतो, हे झालं कशानं? हा प्रश्न मांत्रिकाचा नाही, लॅबवाल्याचा आहे. ज्या क्षणी गोष्टीतलं माणूस 'याच्या अंगात कोण आलंय' ऐवजी 'यानं काय खाल्लं, काय प्यायलं' असं विचारतं, त्या क्षणी ती भुताची गोष्ट राहत नाही. माझ्यासाठी सायन्स फिक्शनची व्याख्या इतकी साधी आहे. यान लागत नाही, रोबो लागत नाही.

बाहेर हे आधीच झालं होतं. झोंबी मूळचा हैतीच्या लोकसमजुतीतला, तिथं तो जादूटोण्यानं गुलाम केलेला मुर्दा. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि आज आपण ओळखतो तो मांस खाणारा, झुंडीनं येणारा झोंबी तयार झाला. गंमत म्हणजे त्या सिनेमात 'झोंबी' हा शब्दच येत नाही. २००२ च्या '२८ डेज लेटर'मध्ये कारण थेट प्रयोगशाळेतून सुटलेला विषाणू. २०१३ मध्ये 'गो गोवा गॉन' आला, तिथं एका बेटावरची रेव्ह पार्टी आणि एक नवीन ड्रग. म्हणजे कारण नेहमी त्या जागेच्या कुठल्यातरी खऱ्या भीतीतून येतं. गोव्यात ड्रग.

मग डोंबिवलीत काय?

इथं लिहिणाऱ्यांना सलाम. बाहेरच्या लोकांना डोंबिवली म्हणजे लोकलची गर्दी आणि घराचा हप्ता एवढंच माहीत असतं. पण डोंबिवलीला लागून एमआयडीसी आहे, केमिकल कारखाने आहेत. जानेवारी २०१४ मध्ये तिथं हिरवा पाऊस पडला होता. मी काहीही रंगवून सांगत नाहीये, बातम्या आहेत. मे २०१६ मध्ये एका केमिकल कंपनीत इतका मोठा स्फोट झाला की आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गेले होते. आणि सिनेमा येऊन गेल्यावर, मे २०२४ मध्ये, पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. पाऊस हिरवा आणि रस्ता गुलाबी असलेल्या गावात 'पाण्यात काहीतरी आहे' म्हटल्यावर कोण 'छे छे' म्हणणार? प्रेक्षकाला पटवायलाच लागत नाही. तो आधीच घाबरलेला आहे. सायन्स फिक्शनचा सगळ्यात अवघड भाग, म्हणजे 'असं होऊ शकतं' हे गळी उतरवणं, तो डोंबिवलीनं फुकटात करून दिला.

त्यात कॉमेडी कुठून येते? आपल्या मध्यमवर्गीय सवयींमधून. बाहेर जग बुडतंय आणि माणूस 'पण फ्लॅटचं पझेशन तर आत्ताच मिळालंय' या काळजीत. अमेय वाघ हे फार छान करतो. त्याच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी 'हे आत्ताच व्हायचं होतं का' असा वैताग येतो. ब्रिटिश 'शॉन ऑफ द डेड'मध्ये, २००४ चा सिनेमा, हीरो सकाळी उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो, सगळीकडे झोंबी फिरतायत आणि याच्या लक्षातच येत नाही, कारण एरवीही लोक तसेच दिसतात. सकाळी ८ वाजता डोंबिवली स्टेशनचा प्लॅटफॉर्म पाहिलाय? मग पुढचं मी बोलायची गरज नाही.

आता अडीच मार्कांचा हिशेब.

कॉमेडीला नियम लागतो. हे ऐकायला उलटं वाटेल, कॉमेडी म्हणजे धमाल, नियम कसला! पण 'झपाटलेला' आठवा. तात्या विंचू बाहुल्यात अडकलाय. बाहेर पडायला त्याला माणसाचं शरीर हवंय, आणि नियम असा की ज्याला त्यानं आपलं गुपित आधी सांगितलं त्याच्याच शरीरात शिरता येईल. म्हणजे लक्ष्या! दुसरं कुणीच चालणार नाही. आणि तात्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली पाहिजे. दोन नियम, बस. सगळा सिनेमा त्या दोन खिळ्यांवर टांगलाय. प्रत्येक प्रसंगात आपल्याला माहीत असतं की बाहुल्याला काय हवंय आणि लक्ष्याला ते माहीत नाहीये, म्हणून हसायला येतं. 'गो गोवा गॉन'मध्येही तसंच, झोंबीवर पांढरी पावडर उडाली की ते थिजतात. म्हणजे जे विकत घेताना लपवायचं, तेच आता बंदुकीसारखं वापरायचं. कोरियन 'ट्रेन टू बुसान'मध्ये बोगदा आला की अंधारात झोंबींना दिसत नाही. नियम सापडला की विनोद आणि थरार आपोआप उगवतात, वेगळे पेरावे लागत नाहीत.

'झोंबिवली'कडे असा नियम तयार होता, पाणी! कोण कुठलं पाणी पितं, यावरून कोण सुरक्षित आणि कोण नाही. विचार करा, किती विनोद आहेत यात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कृपया कोणीही दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी पिऊ नये' असा मेसेज. आणि त्याखाली कुणाचंतरी 'गुड मॉर्निंग'. पाहुणा आला की आपण आधी पाणी देतो, आता द्यायचं की नाही? सासूबाई म्हणणार, 'घोटभर तरी घे'. (हे सिनेमातलं नाही, माझ्या डोक्यातलं.) सिनेमा या वाटेवर निघतो, चांगला निघतो, आणि मग उत्तरार्धात पळापळीला लागतो. धावा, दार लावा, दार तुटलं, पुन्हा धावा. मेकअप उत्तम, मराठी बजेटमध्ये एवढी झुंड उभी करणं खायचं काम नाही, ते मान्य. पण पळणारी माणसं सगळ्या झोंबीपटांत सारखीच पळतात. डोंबिवली मागे पडते.

दुसरी गोष्ट जरा सायन्सची. दोन मिनिटं द्या.

पाण्यातून माणूस आजारी पडतो तो दोन प्रकारे. एक, पाण्यात केमिकल आहे. दोन, पाण्यात जंतू आहे. वरवर सारखंच वाटतं, पण गोष्ट सांगणाऱ्यासाठी या दोन वेगळ्या दुनिया आहेत. केमिकल पसरताना पातळ होतं. तुम्ही विषारी पाणी प्यायलात आणि मला चावलात, तर माझ्यात ते विष नगण्य येईल, मी पुढं कुणाला चावलो तर त्याहून नगण्य. केमिकलची साखळी दोन पायऱ्यांत संपते. जंतू मात्र वाढतो. एकाचे लाख होतात, चावलं की दुसऱ्यात पुन्हा लाख. म्हणजे प्रदूषणाची गोष्ट करायची तर जो पाणी पितो तोच झोंबी होणार. आणि चावण्याची गोष्ट करायची तर पाण्यात काहीतरी जिवंत हवं.

चावल्यानं पसरणारा, मेंदूवर हल्ला करणारा, माणसाला आक्रमक करू शकणारा खरा आजार आहेच की, रेबीज. मराठीत जुना शब्द फार नेमका आहे, जलसंत्रास. पाणी गिळायला गेलं की घशाचे स्नायू असे आवळतात की रुग्ण पाण्यालाच घाबरतो. कुणीतरी ही कल्पना 'पाण्यामुळे झोंबी'ला जोडली असती तर काय मजा आली असती, ज्या पाण्यानं झाला त्याच पाण्याला घाबरणारा झोंबी! अर्थात रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. सिनेमात दहा सेकंदांत काम झालं पाहिजे, त्याला माझी हरकत नाही. कॉमेडीला तेवढी सूट द्यायलाच हवी. पण केमिकल की जंतू, हे ठरवलं असतं तर गोष्टीला दिशा आली असती. 'झोंबिवली' या फरकापाशी थांबत नाही. घाईत आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? कॉमेडी आहे, हसा आणि सोडून द्या. एका मित्रानं रेकॉर्डिंगच्या आधी हेच ऐकवलं. २०२२ मध्ये मीही म्हणालो असतो, सोडा. पण जानेवारी २०२५ नंतर पुण्यात राहून मला हा सिनेमा पूर्वीसारखा बघता येत नाही.

जीबीएस आठवतंय ना? सिंहगड रोडचा पट्टा, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. गिलेन-बॅरे सिंड्रोम हे नाव त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? एरवी वर्षभरात लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, आणि इथं काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही जण व्हेंटिलेटरवर होते, काही जण गेले. रुग्णांच्या नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला, आणि संशय पाण्यावर गेला.

हा आजार होतो कसा, ते ऐकलं की सायन्स फिक्शन लिहिणाऱ्यानं हात जोडावेत. जीवाणू पोटात जातो, जुलाब होतात, चार दिवसांत बरं वाटतं. शरीरानं त्याच्याशी लढायला अँटिबॉडी बनवलेल्या असतात. पण या जीवाणूच्या अंगावरची काही साखरेची साखळी आपल्या नसांच्या आवरणावर असते तशीच दिसते. आता शत्रू गेला, पण अँटिबॉडी अजून शोधात आहेत, आणि त्यांना आपल्याच नसा शत्रूसारख्या दिसतात. मग पायाला मुंग्या, जिना चढता येत नाही, हात उचलत नाही. काही रुग्णांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातं. बहुतेक लोक बरे होतात, पण कधी कधी महिनोन्महिने लागतात. ओळखण्यातली एक चूक, आणि शरीर स्वतःवरच उलटतं. कुठलाही खलनायक नाही.

आणि पाण्याचं काय झालं होतं? या भागातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. नकाशावर शहर झालं, पण नळातलं पाणी शहराच्या पाण्यासारखं शुद्ध होऊन यायची व्यवस्था त्या वेगानं आली नाही. विहीर, टँकर, खासगी आरओ प्लँट, वीस लिटरचे जार, असं सगळं मिळून पाणी चालायचं. तपासणीत काही ठिकाणच्या पाण्यात क्लोरीनच आढळलं नाही. महापालिकेनं काही खासगी आरओ प्लँट सील केले. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आपल्यापैकी निम्मे लोक जारचं पाणी पितात. आरओमधून पाणी निघतं तेव्हा ते स्वच्छ असतं, पण त्यातलं क्लोरीनही निघून गेलेलं असतं. त्यामुळे पुढं टाकी किंवा जार घाणेरडा असेल, तर जंतू वाढायला अडवणारं काही उरत नाही. 'आरओ आहे' म्हणून निर्धास्त राहणं, हा सिनेमातल्या टॉवरवाल्यांचाच स्वभाव झाला.

म्हणून माझी 'झोंबिवली'बद्दलची खरी तक्रार पळापळीची नाही. तक्रार अशी की त्यानं इतका भारी प्रश्न विचारला, पाण्यात काय आहे, आणि उत्तरात त्यानं 'काय'च्या ऐवजी 'कोण' शोधलं. एक लोभी माणूस दाखवला की आपण सुटतो. त्याला धडा शिकवला की टाळ्या. म्हणजे फिरून भुताच्या गोष्टीकडेच आलो की, मांत्रिकाऐवजी हीरो! सिंहगड रोडला असा एक माणूस पकडून दाखवता आला नसता. तिथं एक लांबलचक साखळी होती, गाव शहरात घेणारे, पाइपलाइन न आलेली, क्लोरीन न टाकलेलं, टँकर मागवणारी सोसायटी, भाव विचारणारे आपण. या साखळीवर कॉमेडी करता येते का? येते. आपल्या सरकारी ऑफिसांवर किती झकास कॉमेडी झाली आहे. झोंबी दारात उभा आहे आणि आत दोन कर्मचारी भांडतायत की ही हद्द महापालिकेची की ग्रामपंचायतीची. मला हा सीन बघायचाय. कुणी लिहीत असाल तर घ्या, क्रेडिट नको.

सिनेमाच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता नाकं मुरडतो. टॉवर आणि वस्तीमधली भिंत 'झोंबिवली' पहिल्या वीस मिनिटांत इतकी स्वच्छ दाखवतो की ती डोक्यातून जात नाही. वस्तीतल्या माणसांना तो दयेनं बघत नाही, ललित प्रभाकरचा विश्वास अंगार आहे आणि हुशारही आहे. रोहन-रोहनचं 'अंगात आलंया' गाणं आणि त्यात सिद्धार्थ जाधव. गाण्याच्या नावातच किती मजा आहे बघा, 'अंगात येणं' ही आपली भुताखेतांची, देवाची भाषा, आणि ती झोंबीला लावली. सिनेमा दोन जगांच्या उंबरठ्यावर उभा आहे, हे त्या एका शब्दात कळतं. आणि मराठीत याआधी कुणी हे केलं नव्हतं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाट नसते.

आदित्य सरपोतदार पुढं काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. २०२४ मध्ये 'मुंज्या', हिंदीत, १०० कोटींच्या पुढे. तिथं नियम एकदम पक्का, मुंज्याला लग्न करायचंय, आणि तो चेटूकवाडीच्या पिंपळाशी बांधलेला आहे. विनोद आणि भीती दोन्ही त्या एकाच हट्टातून येतात. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, मुंजा म्हणजे कोण हे ती जेवता जेवता सांगेल. पण भूतच ते. म्हणजे दिग्दर्शकाला नियम सापडला तेव्हा तो पुन्हा भुताकडे गेला. मला थोडी हळहळ वाटते. 'काय प्यायलं' विचारणारा मराठी विनोदी सिनेमा एकदाच आला, आणि त्याच्यामागून कुणी आलं नाही.

'झोंबिवली' बघायचा का? बघा. मित्रांना घेऊन बघा, रात्री, पुढ्यात काहीतरी खायला ठेवून. पूर्वार्ध नीट लक्ष देऊन, उत्तरार्धात मोबाइल चाळलात तरी चालेल. आणि बघून झाल्यावर मला एक सांगा, तुमच्या सोसायटीत, होस्टेलवर, पीजीत पाणी नक्की कुठून येतं? नळाचं, बोअरचं, टँकरचं की जारचं? टाकी शेवटची कधी धुतली? मी आमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांना विचारलं, चार उत्तरं मिळाली. तुमची उत्तरं व्हॉइस नोटवर पाठवा, तीस सेकंदांच्या आत. पुढच्या एपिसोडमध्ये ती ऐकवू, आणि घरच्या घरी पाण्यातलं क्लोरीन तपासायचं साधं किट कसं वापरायचं ते दाखवायला आपण एका केमिस्ट्रीच्या मॅडमना बोलावलंय. भेटू!